पाच वाजेपर्यंतचं मौन

मुतिंता हाचिलालाने घड्याळ पाहिलं. अडीच वाजले होते. पाच वाजता मौन संपणार होतं आणि तिच्या देशाच्या राजधानीतून अजून एका ओळीचंही उत्तर आलं नव्हतं.

जिनिव्हात मौन ही कामाची एक पद्धत आहे. जगाच्या व्यापाराचे नियम इथे ठरतात. दीडशेवर देशांना एका वाक्यावर 'हो' म्हणायला समोरासमोर बसवलं तर सगळ्यांचे केस पांढरे होतील, म्हणून मंडळींनी एक सोय काढली आहे. मसुदा सगळ्यांना ईमेलने धाडायचा आणि कळवायचं, की अमुक दिवशी पाच वाजेपर्यंत कोणी हरकत घेतली नाही तर हा मसुदा सर्वांना मान्य आहे असं धरू. गप्प बसला तो 'हो' म्हणाला. ज्याला नको असेल त्याने मौन मोडायचं, म्हणजे एका ओळीचं पत्र पाठवायचं. आजारी माणूस, रजेवरचा माणूस आणि घाबरलेला माणूस, तिघांचाही होकारच मोजतात. मला ही सोय कधीच पटली नाही, पण मला विचारतो कोण!

मुतिंताच्या देशाचं नाव मी सांगणार नाही. आफ्रिकेच्या दक्षिणेकडचा, चारी बाजूंनी जमिनीने वेढलेला देश, एवढं पुरे. नाव घेतलं तर तिथे कोणाला तरी खुलासा द्यायला बोलावतील, आणि खुलासे देऊन देऊन ती माणसं आधीच दमली आहेत. मोठ्या देशांच्या इथल्या कचेऱ्यांत पेटंटला एक माणूस, मासेमारीला दुसरा, शेतीला तिसरा. मुतिंताकडे हे तिन्ही विषय होते, शिवाय राजदूतसाहेबांचं विमानाचं तिकीट काढणंही.

भांडण औषधांचं होतं. नव्या औषधाचं पेटंट ज्याच्याकडे आहे त्याच्या परवानगीशिवाय वीस वर्षं ते दुसऱ्या कोणी बनवायचं नाही, हा नियम. जगातल्या अगदी गरीब देशांना त्यातून सवलत आहे. ती सवलत संपत आली होती आणि पुढे वाढवायची होती. आठ महिने बोलणी चालली, सगळं जमत आलं, आणि मंगळवारी शेवटच्या मसुद्यात चौथ्या पानाच्या तळाशी एक नवी टीप उगवली. क्रमांक सात. या सवलतीखाली बनवलेलं औषध त्याच देशात वापरायचं, सीमेबाहेर विकायचं नाही. दोनच ओळी, बारीक अक्षरांत. ती एका मोठ्या देशाने घातली होती, ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

मुतिंताच्या देशात असा एकच कारखाना आहे. मलेरियाच्या आणि एचआयव्हीच्या गोळ्या बनवतो. दहा खोकी बनली तर तीन देशात राहतात आणि सात शेजारच्या चार देशांत जातात. त्या सात खोक्यांवर यंत्रं चालतात. टीप क्रमांक सात मंजूर झाली की कारखान्याला कुलूप, यात शंकेला जागा नव्हती.

हे तिने राजधानीला चार वेळा कळवलं होतं. मंगळवारी, बुधवारी दोनदा आणि आज सकाळी.

तिची आई नदीपलीकडच्या देशात मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती. गोळ्यांचा ट्रक आला नाही की त्या दिवशी आई घरी येऊन जेवायची नाही. नुसती भिंतीला टेकून बसायची. तिची न्शिमा, मक्याच्या पिठाची उकड, ताटात थिजून जायची आणि मुतिंता ते ताट झाकून ठेवायची. आता ट्रक वेळेवर येतात, आणि ते येतात याच कारखान्यातून. ही टीप पहिल्यांदा वाचली तेव्हा मुतिंताला राग आला नव्हता, भीती वाटली होती.

तीन वाजता ती राजदूतसाहेबांच्या खोलीत गेली. लुबोसी अकातामा, वय चौसष्ट, निवृत्तीला चार महिने उरलेले. ईमेल वाचायचेच नाहीत. जे काही असेल ते कागदावर छापून टेबलावर ठेवायचं, असा त्यांचा दंडक होता. आत्ता ते संत्रं सोलत होते.

"साहेब, राजधानीकडून काहीच नाही."

"मग आपणही काहीच करायचं नाही. सूचना नाही तर हालचाल नाही. तू काय काल लागलीस नोकरीला?"

"पण ती सातवी टीप..."

"वाचली मी. वाईट आहे." त्यांनी एक फोड तिच्यापुढे केली. तिने घेतली नाही. "अगं पोरी, आपल्या गटात चाळीसेक देश आहेत. कोणी ना कोणी मोडेलच की. आपणच कशाला पुढे होऊन कपाळमोक्ष करून घ्यायचा?"

"सगळे हेच म्हणत बसले असतील तर?"

"असं होत नाही. मी तीस वर्षं या धंद्यात आहे."

ती परत आपल्या टेबलाशी आली. साहेब म्हणत होते ते अगदीच चूक नव्हतं. बुधवारी गरीब देशांच्या गटाची कॉफी झाली होती. कॉफी म्हणजे बैठकच, फक्त तिची नोंद ठेवत नाहीत. सगळ्यांनी मानेने 'नाही, हे चालणार नाही' म्हटलं होतं. पण मौन कोण मोडणार, हे कोणी विचारलं नव्हतं. ते विचारायचं नसतं, ही इथली रीत. तुम्हाला ठाऊक असलं आणि उद्या तुमच्या मंत्र्याने विचारलं, तर एक तर खोटं बोलावं लागतं नाही तर मित्राचा गळा कापावा लागतो. म्हणून सगळे एकमेकांकडे पाहून समजूतदारपणे हसतात, बिस्किटं संपवतात आणि आपापल्या ट्रामने घरी जातात. परवाही तसंच झालं होतं.

चार वाजता फोनवर आवाजी निरोप आला. कारखान्याचे व्यवस्थापक, चोओंगो म्वीम्बा.

"मॅडम, कामाची वेळ असेल, माफ करा. पाळी बदलताना माणसं विचारत होती, कुठल्या तरी कागदाने आपला कारखाना बंद होणार म्हणतात ते खरं का? मी म्हटलं, वेडे आहात का! जिनिव्हात आपली मुतिंता बसलीये. बरोबर सांगितलं ना मी?"

तिने निरोप पुन्हा ऐकला नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी तिने व्यापार संघटनेच्या सचिवालयात ओदिल रोशाला फोन लावला. मौन मोडणारी पत्रं ओदिलच्या पेटीत येतात. कोणाचं आलं, आलं की नाही आलं, हे वेळ संपेपर्यंत कोणालाही सांगायची तिला सक्त मनाई आहे. मुतिंता सहा वर्षं तिला ओळखत होती. ओदिलने आजवर हवापाण्याबद्दलही अवांतर शब्द काढला नव्हता.

"ओदिल, सहज केला गं. कशी आहेस?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग ओदिल म्हणाली, "माझं काय, मादाम. आज पेटीकडे चिटपाखरू फिरकलं नाही. काम नाही, धाम नाही. पाचला उठून आईकडे जाईन म्हणते."

"बरं," मुतिंता म्हणाली. "आईला विचारलं म्हणून सांग."

तिने फोन ठेवला. पेटी रिकामी होती. चाळीस देश, आणि एकानेही पत्र पाठवलं नव्हतं.

तिने तौहीद मजुमदारला फोन केला. तौहीद गटाचा समन्वयक, एका मोठ्या नदीमुखावरच्या देशाचा. हुशार, तोंडाळ, आणि भेटेल त्या बाईला 'आपा' म्हणणारा. कुठल्या तरी शाळेच्या आवारात होता, मागून पोरांचा कालवा येत होता.

"आपा! शुक्रवारी चार वाजता फोन? कोणी मेलं की काय?"

"तौहीदभाई, मौन कोणी मोडलंय?"

तो हसला नाही. "हे काय विचारतेस? असं विचारतात का?"

"विचारते आहे. कोणी लिहिलंय?"

"आपा, मला सांगू नकोस, मीही तुला सांगत नाही. सगळं ठीक होईल. कोणीतरी..."

"कोणीतरी म्हणजे कोण? नाव घे. एक नाव घे आणि मी फोन ठेवते."

मागे एक पोर जोरजोरात कोणाला तरी हाका मारत होतं.

"मला वाटलं होतं तू," तौहीद हळू आवाजात म्हणाला. "परवा कॉफीला तुझा चेहरा पाहिला आणि मला वाटलं, ही लिहिणार. मी चार-पाच जणांना सांगितलंसुद्धा, की काळजी करू नका, व्यवस्था झालीये."

"तू सांगितलंस?"

"तुझं नाव नाही घेतलं. नुसतं व्यवस्था झालीये म्हटलं."

"आणि मी समजत होते की समन्वयक तू, तर तूच लिहिशील."

"मला बजावलंय गं वरून. हलायचं नाही म्हणून. आमच्या कपड्यांचा माल त्यांच्याच बंदरात उतरतो. मी बोट वर केलं तर सोमवारी मला परत बोलावतील. दोन पोरं इथल्या शाळेत आहेत, आपा."

"मला कुणी हो म्हणत नाही की नाही म्हणत नाही."

"मग तुझं बरं आहे," तौहीद म्हणाला, आणि लगेच वरमला. "म्हणजे तसं नव्हतं म्हणायचं मला. आता इतरांना फोन करून काही होणार नाही. शुक्रवार आहे, सगळ्यांच्या राजधान्या बंद झाल्या."

चार चव्वेचाळीसला तिच्या पडद्यावर एक नवा ईमेल उगवला. राजधानीचा. वर विषय लिहिला होता: 'सातव्या टिपेबाबत सूचना. तातडीचे.'

तिचा हात माऊसवर गेला आणि तिथेच थांबला.

चार दिवस जे खातं मुकं होतं त्याला सोळा मिनिटं उरलेली असताना वाचा फुटली होती. मौन मोडा म्हणायचं असतं तर त्यांनी फोन केला असता, आरडाओरडा केला असता, साहेबांना उठवून बसवलं असतं. ईमेलने 'तातडीचे' तेव्हाच पाठवतात, जेव्हा पाठवल्याची नोंद ठेवायची असते. आत काय आहे ते तिला पाकीट न फोडताच कळलं होतं. आणि तरीही, जोपर्यंत ते वाचलं नाही तोपर्यंत तिच्याकडे सूचना नव्हती. हा आडोसा किती तकलादू आहे हे तिला चांगलं माहीत होतं. वकील लोक जे करतात तेच ती करत होती, आणि तिला स्वतःची लाज वाटत होती.

दारात अकातामा उभे राहिले. कोट चढवलेला, हातात छत्री.

"मोडलं कोणी?"

"अजून नाही, साहेब."

"राजधानी?"

पडदा तिच्याकडे तोंड करून होता. साहेबांना दिसत नव्हता. "मी अजून काही वाचलेलं नाही," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बरं. काही आलं तर छापून टेबलावर ठेव. सोमवारी बघीन." जिन्यावर त्यांची पावलं वाजत खाली गेली.

तिने पत्र लिहिलं. लिहायचं असं काही नसतंच, वाक्य ठरलेलं आहे. 'आमचं शिष्टमंडळ या मसुद्यावरील मौनात सहभागी होऊ शकत नाही.' खाली देशाचं नाव. ते नाव लिहायचा तिला अधिकार नव्हता. सूचनेशिवाय नाही आणि राजदूतांना विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. चार एकावन्न. नोकरी जाईल, हे ती स्वतःलाच दोनदा मोठ्याने म्हणाली. भावाच्या कॉलेजचे पैसे, आईचं नवं घर, सगळं याच पगारावर होतं. चार त्रेपन्न. ती उठली, खिडकीशी गेली, परत आली. चार छप्पन्नला तिने बटण दाबलं.

दोन मिनिटांनी ओदिलचं उत्तर आलं. 'मिळालं. पाचच्या आत.'

पाच वाजून गेल्यावर तिने राजधानीचा ईमेल उघडला. 'मौन मोडू नये. संबंधित देशाशी आपल्या साखरेची बोलणी नाजूक टप्प्यावर आहेत.' तिने तो छापला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला.

सोमवारी सकाळी नऊ वाजता अकातामांपुढे तीन कागद होते. पहिला तिने ठेवलेला. दुसरा रविवारी आलेला: हरकत ताबडतोब मागे घ्यावी. तिसरा तिच्याबद्दलचा: महिनाअखेर मायदेशी हजर व्हावे.

"हे वाचलंस कधी?" त्यांनी पहिल्या कागदावर बोट ठेवलं.

"पाच वाजल्यानंतर."

"आणि आलेलं पाहिलंस कधी?"

"पाचच्या आधी. तुम्ही दारात होतात तेव्हा ते पडद्यावर होतं."

"मला वाटलंच." ते खुर्चीत मागे रेलले. "मी विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंस?"

"नाही, साहेब."

"म्हणून तर विचारलं नाही." आणि मग त्यांचा आवाज चढला. "पण तू माझ्या देशाचं नाव वापरलंस! मला न विचारता! लाज नाही वाटली?"

"वाटली," मुतिंता म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. "अजून वाटते आहे. पुन्हा वेळ आली तर पुन्हा पाठवीन."

साहेबांनी तिन्ही कागद गोळा करून कोटाच्या खिशात घातले. "चल. अकराला सभा आहे. आपल्याला माघार घ्यायची आहे."

मौन मोडलं की मसुदा सभागृहात येतो. मोठं अर्धगोल दालन, प्रत्येक देशापुढे नावाची पाटी आडवी ठेवलेली. बोलायचं असेल त्याने ती उभी करायची. पुढच्या खुर्चीत अकातामा, मागच्या खुर्चीत मुतिंता. डावीकडे तीन रांगा सोडून तौहीद, मान खाली घालून. त्याचा फोन टेबलावर पालथा पडला होता.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "एका सदस्याने मौन मोडलं आहे. त्या सदस्याला काही सांगायचं आहे का?"

अकातामांनी पाटी उभी केली. माईकवरचा लाल दिवा लागला. "माझ्या सरकारच्या आदेशानुसार आम्ही आमची हरकत मागे घेत आहोत."

संपलं, असं मुतिंताच्या मनात आलं. मोठ्या देशाच्या प्रतिनिधीने वही मिटली. सभागृहात खुर्च्या करकरल्या, लोक सुटल्यासारखे हलले.

"मात्र," अकातामा म्हणाले, "हरकत कशावर होती ते नोंदीत यावं, एवढीच विनंती. सातवी टीप अध्यक्षबाईंनी मोठ्याने वाचून दाखवावी."

असं कोणी करत नाही. टिपा वाचत नसतात, टिपा पानाच्या तळाशी असतात. मोठ्या देशाच्या प्रतिनिधीची पाटी खाडकन उभी राहिली. "मसुदा सगळ्यांकडे आहे. सभेचा वेळ का घालवायचा?"

"मीही तेच म्हणतो," अकातामा शांतपणे म्हणाले. "दोनच ओळी आहेत. वेळ जाणार नाही."

अध्यक्षबाईंनी शेजारच्या सल्लागाराकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. "सदस्याने वाचनाची मागणी केली तर मला नाकारता येत नाही," त्या म्हणाल्या. निम्मं सभागृह चौथं पान शोधायला लागलं. चाळीस देशांची माणसं मौनाला होकार देऊन बसली होती, आणि त्यांतल्या कितीकांनी ते पान उलटलं नव्हतं हे त्या कागदांच्या खसफशीतच कळत होतं.

बाईंनी वाचलं. दुभाष्यांनी तेच दोन भाषांत सगळ्यांच्या कानांत घातलं. या सवलतीखाली बनवलेलं औषध ते बनवणाऱ्या देशाच्या सीमेबाहेर विकता येणार नाही, कोणत्याही परिस्थितीत नाही. मोठ्याने वाचलं की ते वाक्य दोन ओळींचं राहत नव्हतं. आता कोणालाच उद्या म्हणता येणार नव्हतं, की आम्हाला ठाऊक नव्हतं, की आम्हाला वाटलं व्यवस्था झालीये.

"आणखी कोणाची हरकत?" अध्यक्षबाईंनी हातोडा उचलला.

मुतिंताला समोरची आपली पाटी दिसत होती. ती आता आडवी होती आणि तिला हात लावायची दोघांनाही मनाई होती. तिने पाट्यांच्या रांगांवरून नजर फिरवली. कोणी चष्मा पुसत होतं. कोणी पाणी पीत होतं. बुधवारच्या कॉफीला 'हे चालणार नाही' म्हणणारी सगळी तोंडं तिथे होती. एकही पाटी हलली नाही. तिला ओरडावंसं वाटलं. तिने खुर्चीची कड घट्ट धरली.

"कोणाचीही हरकत नसल्यास..."

तौहीदचा फोन थरथरायला लागला. लाकडी टेबलावर तो आवाज तीन रांगांपर्यंत ऐकू आला. तौहीदच्या शेजारच्याने त्याच्याकडे पाहिलं. या घटकेला हा फोन त्याच्या राजधानीचाच असणार हे मुतिंताला कळलं, आणि तौहीदलाही कळलं असणार, कारण त्याचा चेहरा राखेसारखा झाला. फोन थांबला. पुन्हा सुरू झाला, टेबलाच्या कडेकडे सरकत गेला.

तौहीदने डाव्या हाताने तो पालथाच दाबून धरला आणि उजव्या हाताने आपली पाटी उभी केली.